चालत गेले नाही, पळाले

मंगळवार, ११ जानेवारी २०००
गंगापिंपरी

दुरुस्ती. काल मी लिहिलं की शाळेची घंटा झाली तशी मैमूना हापशावरून शाळेकडे पळाली आणि मी तिच्या मागे 'भराभर चालत' गेले. हे चूक आहे. मी पळाले. हापशापासून मारुतीच्या पारापर्यंत नक्की, आणि पारापासून शाळेच्या फाटकापर्यंत बहुधा. शेवटी एक चप्पल माझ्या हातात होती.

तात्यांचा नियम आहे की लिहिलेलं खोडायचं नाही. चूक कळली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लिहायची, कारणासकट. तात्या म्हणजे माझे काका, आणि सातवीपर्यंतची माझी शाळाही तेच. तर कारण असं की मला पळायला बंदी आहे, आणि पळताना मी जेवढी घाबरले नाही तेवढी ते लिहिताना घाबरले.

मी सहा वर्षांची असताना एका डॉक्टरांनी नळी लावून सांगितलं होतं की पोरीच्या छातीत आवाज आहे, जपा. तेव्हापासून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला जपलं. शाळेत घातलं नाही, कारण शाळेत मुलं पळतात. आईनं अक्षर शिकवलं, तात्यांनी गणित, आणि अण्णा एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यातून संध्याकाळी सायकलवर आले की पहिलं विचारायचे, "बेबी, आज पळाली न्हाईस ना?" पुढे आठवीला शाळेत गेले तेव्हा पी.टी.च्या तासाला मी सगळ्यांच्या चपला राखत बसायचे. एकीचीही कधी हरवली नाही.

आणि आता माझी नोकरी काय, तर मुलं दिवसभरात किती हालचाल करतात ते अचूक मोजणं.

औरंगाबादच्या जोंधळे मॅडमनी त्यांच्या अभ्यासासाठी या गावातली बारा मुलं निवडली आहेत. प्रत्येकाच्या कमरेला एक डबी. पाऊल पडलं की आतली स्प्रिंग हलते आणि आकडा पुढे सरकतो. डबी खरं बोलते का ते पाहायला मी. एकेका मुलाच्या मागे दिवसभर राहायचं. ते बसलं, उभं राहिलं, चाललं की पळालं, ते डोळ्यांनी पाहून टिपायचं, आणि संध्याकाळी डबीशी ताडून बघायचं. हे नीट झालं तर मार्चपासून तीन तालुक्यांची मोजणी निघणार आहे आणि तिची पर्यवेक्षक मी होणार. त्याला फक्त सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो, की ही बाई शरीरानं धडधाकट आहे. दाखला द्यायचा तर डॉक्टर नळी लावणार. छातीचं मी मॅडमना सांगितलेलं नाही. मॅडमनी विचारलेलंही नाही. हे पटण्यासारखं कारण नाही, तरी लिहून ठेवते.

काल झोपताना मी दाराला कडी लावली नाही, सकाळी झुंबरबाईंना दार तोडावं लागू नये म्हणून. त्यांच्याच पडवीतल्या खोलीत मी राहते. आज उठले तर त्या दारात उभ्या. "कडी कामून लावली न्हाई? मांजर शिरलं, समदं दूध पिऊन गेलं."

मी जिवंत आहे. माझ्या छातीचा फायदा सध्या फक्त मांजराला झाला आहे.

गुरुवार, १३ जानेवारी

सगळ्यात मोठी अडचण ही की मी बघतेय म्हणून मुलं पळतात. पहिल्या दिवशी तर बाराच्या बारा माझ्याभोवती गोल फिरत होती आणि कडूबा दर फेरीला ओरडत होता, "ताई, माझं लिव्हलं का?" ही काही त्यांची रोजची हालचाल नाही. आता मी वही पिशवीत ठेवते आणि झुंबरबाईंची परडी घेऊन शेंगा निवडत बसल्याचं सोंग करते. तिसऱ्या दिवसापासून मुलं मला विसरली. मला जरा वाईट वाटलं.

मैमूना मात्र विसरली नाही. दहा वर्षांची आहे, आजीजवळ राहते, आणि तिला एका जागी बसलेली मी अजून पाहिलेली नाही. आज तिनं मला थांबून समजावलं.

"ताई, मी पळून राह्यले अन् तुम्ही मागं चालून राह्यल्या. मंग मी वळणावर गेल्यावर तुम्हाला काय दिसंल?"

"धूळ," मी म्हणाले.

"मंग धूळच लिव्हा."

बरोबर आहे तिचं. न पाहिलेलं टिपायचं नाही. म्हणून आज दोनदा पळाले. पहिल्यांदा अडखळले. दुसऱ्यांदा कानात वारा शिरला. वारा असा शिरतो हे मला माहीत नव्हतं.

जिवंत.

शनिवार, १५ जानेवारी

शाळेतले मच्छिंद्र सर, जे मराठी आणि पी.टी. शिकवतात, ते सकाळी कॅनव्हासचे बूट घेऊन आले.

"शहागडला गेल्तो टायर बदलायला. दुकानात दिसले." एवढं बोलून ते झुंबरबाईंच्या शेळीकडे बघत राहिले.

बूट मला बरोबर बसले. माझं माप कसं कळलं विचारलं, तर म्हणाले की हापशाजवळच्या चिखलात माझा पाय उमटला होता, त्यावर त्यांनी वीत ठेवून पाहिली. मोजणीच्या दृष्टीनं हे फारच चांगलं निरीक्षण आहे. मी त्यांना तसं सांगितलं. पैसे घेईनात, शाळेच्या खेळाच्या सामानात धरू म्हणाले. शाळेच्या खेळाच्या सामानात काही लेझीम आणि एक फुटका चेंडू आहे.

एक नोंद काळजीची. पळून आल्यावर मी मनगट धरून नाडी बघते. ती भराभर चालते, पण भाजी निवडून होईपर्यंत जागेवर येते. आज मात्र मी पारावर नुसती बसले होते, सर लांब उडीत हात कसे फेकायचे ते दाखवत होते, माझी काहीही हालचाल नव्हती, आणि नाडी पळाल्यासारखी. ते गेल्यावरही बराच वेळ. म्हणजे मला बसूनही धोका आहे. पळण्यानं वाढत नसेल आणि बसण्यानं वाढत असेल तर अण्णांनी मला सोळा वर्षं बसवून काय केलं?

झुंबरबाईंना विचारलं, उडी मारताना नुसतं बघूनही कुणाला धडधडतं का. त्या इतक्या हसल्या की परडी उलटली.

मंगळवार, १८ जानेवारी

मोठी गोष्ट सापडली आहे. घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं.

डबी सांगते की मुली सकाळी जवळजवळ हलतच नाहीत. मुलगे पुढे, मुली बसलेल्या. पण मी तर मैमूनाला दिवस उगवल्यापासून हापसा ते घर, घर ते हापसा करताना या डोळ्यांनी पाहते. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, डबी नाहीतर मी. मी आधी माझ्यावरच संशय घेतला. मग डबी माझ्या कमरेला बांधली, झुंबरबाईंची घागर डोक्यावर घेतली आणि मैमूनाच्या मागून निघाले.

निम्मी घागर माझ्या पाठीवर आली. हापशावरच्या बाया ओरडल्या, "अवो ताई, पाणी घरी न्यायचंय, अंगावर न्हाई!"

"ताई, पाय आपटू नका," मैमूना मान न वळवता म्हणाली. "पाय असा ठिवायचा. जसं कोणी झोपलेलं आहे घरात."

तिसऱ्या खेपेला मला थोडं जमलं. पाणी सांडलं नाही. आणि घरी येऊन डबी पाहिली तर आकडा जिथं होता तिथंच! पाणी सांडू नये म्हणून पोरी कंबर हलू देत नाहीत, आणि कंबर हलली नाही की स्प्रिंग गप्प. भरलेली घागर घेऊन सगळ्यात कष्टानं चाललेली पोरगी डबीला झोपलेली वाटते!

मी ओल्या परकर-साडीत पडवीभर फिरत होते. झुंबरबाई म्हणाल्या, आधी कपडे बदला, मंग नाचा. मी नाचत नव्हते. (दुरुस्ती, आजच्या आजच : थोडं नाचत होते.)

दुपारी टेम्पोनं शहागडला जाऊन मॅडमना फोन लावला. बाहेर ट्रक इतके वाजत होते की मी ओरडून सांगितलं, "मॅडम, मुली आळशी नाहीत!" बूथवाल्यानं वर बघितलं.

मॅडमनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "बेबीनंदा, आपण जिल्ह्यातल्या सगळ्या मुलींना बैठ्या ठरवून मोकळे झालो असतो. आता मुलींच्या बाबतीत डबीवर जाऊ नकोस. तू स्वतः सोबत राहा. त्या चालल्या तर चाल, पळाल्या तर पळ."

लेखी नाही, पण फोनवर, वरिष्ठांनी पळ असं सांगितलेलं आहे.

गुरुवार, २० जानेवारी

पळाले. पाच जणींच्या मागे, वेगवेगळ्या वेळी. बुटांना माती लागली तर वाईट वाटतं आणि बरंही वाटतं.

जिवंत. भूक फार.

सोमवार, २४ जानेवारी

आज डब्या सोडून वरच्या आळीतल्या दुसऱ्या बारा मुलांना बांधायच्या होत्या. एकही आई सोडू देईना.

चूक माझीच. मुलींच्या फ्रॉकला कंबर नाही, मुलांच्या चड्ड्या घसरतात, म्हणून पहिल्या दिवशी मी डब्या सरळ करदोड्याला बांधल्या होत्या. ज्यांना करदोडा नव्हता त्यांना काळा गोफ आणून मीच बांधला, आणि वर प्रत्येक आईला बजावलं की ही काढायची नाही, आंघोळ सोडून. आता कमरेला काळ्या दोऱ्यात बांधलेली, काढायची नाही अशी वस्तू म्हणजे काय, ते मला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. कडूबाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. एकीचा मुलगा अंथरूण ओलं करायचा थांबला. कडूबाच्या आईनं तर डबीला हळद-कुंकू लावलं आहे, त्यामुळे आकडा दिसत नाही.

मी ओट्यावर बसून स्प्रिंग, लोखंडाची पट्टी, सगळं उघडून दाखवलं. बायांनी मन लावून ऐकलं.

"समदं खरं हाय ताई," कडूबाची आई म्हणाली. "पण सोडू नका."

मी रडायच्या बेतात होते. बारा डब्या गावात अडकल्या तर मॅडम मला तीन तालुके कशाला देतील? तेवढ्यात मैमूनाची आजी खैरुनबी, जी एवढा वेळ भिंतीला टेकून पान कुटत होती, ती म्हणाली, "बेटी, बच्चे की कमर खाली नको करू. पयले नया बांद, मंग पुराना सोड. इसमें क्या है?"

एवढंच होतं! कोणालाच डबी नको होती. कोणालाच मुलाची कंबर रिकामी नको होती. मच्छिंद्र सर मोटारसायकलवर शहागडला गेले आणि काळ्या गोफाचं रीळच घेऊन आले. दिवेलागणीपर्यंत मी नवा बांधत होते आणि जुना सोडत होते. मुलं रांगेत कंबर पुढे करून उभी. शेवटी कडूबाच्या आईनं माझ्याही मनगटाला एक तुकडा बांधला.

"तुम्ही लई पळून राह्यल्या," ती म्हणाली. "दृष्ट लागंल."

बुधवार, २६ जानेवारी

झेंडा. भाषणं. मग मैदानावर शर्यती.

हे मला नीट लिहायचं आहे, कारण गावात चुकीचं पसरलं आहे. मी स्पर्धेत नव्हते. मुलींच्या शर्यतीत मैमूना होती, डबी सोडली असली तरी आजचा दिवस तिच्या मोजणीचा होता, आणि सुटल्यापासून पोचेपर्यंत ती मध्ये थांबते का, चालते का, हे बघणं माझं काम होतं. म्हणून मी फक्कीच्या रेघेच्या बाहेरून, तिच्या बरोबरीनं निघाले. हातात पेन्सिल होती. मच्छिंद्र सरांनी शिट्टी मारली. अर्ध्यावर मैमूनानं माझ्याकडे बघितलं आणि वेग वाढवला. मी तिला नजरेआड होऊ देणं शक्य नव्हतं. मग काय झालं ते मला सांगता येत नाही. कानात वारा होता. सगळं मैदान ओरडत होतं, मला वाटलं मैमूनासाठी. दोरीपाशी थांबून वळले तर मैमूना मागून येत होती.

"ताई, तुम्ही मला मोजून राह्यल्या का मी तुम्हाला?" ती धापा टाकत म्हणाली, आणि आम्ही दोघी मातीत बसून हसलो. मला हसू आवरेना. पोटात दुखेपर्यंत हसलो. मच्छिंद्र सर भोंग्यावर म्हणाले, "मुलींचा गट, पहिली मैमूना. आणि, आणि, स्पर्धेबाहेरून..." पुढे भोंगा नुसता कुंई करत राहिला.

तेव्हा मला अण्णा दिसले.

झेंड्याच्या खांबापाशी उभे होते. आज कारखान्याला सुट्टी. हातात तिळाच्या लाडवांचा डबा. मी उठून गेले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोटं नाडीवर ठेवली. त्यांना नाडी बघता येत नाही. त्यांची बोटं थंडगार होती, आणि आमच्या दोघांत धाप त्यांनाच लागली होती.

"दमलीस?"

"नाही, अण्णा."

"छातीत काही?"

"काही नाही."

ते बुटांकडे बघत राहिले. "हे कुणी आणले?" मी सांगितलं. त्यांनी भोंग्याजवळच्या मच्छिंद्र सरांकडे पाहिलं. सर तेवढ्यात खुर्चीला अडखळले. अण्णा "बरं" म्हणाले. बूट त्यांना का खटकले, कळलं नाही.

संध्याकाळी त्यांना फाट्यावर सोडायला गेले. मला वाटायचं अण्णांची चालच सावकाश आहे. आज मी भराभर निघाले तर तेही भराभर आले. मध्येच बाभळीपाशी थांबले.

"बेबी, त्या डाक्टरनं अजून एक सांगितलं व्हतं."

"काय?"

"वर्षानं पुन्हा दाखवा म्हणला व्हता. पोरासोरांत असे आवाज कधी कधी आपोआप जात्यात, म्हणला."

"मग?"

"दोनदा निघाल्तो. एकदा तर तुला कडेवर घेऊन दवाखान्याच्या दारापोत्तर गेल्तो. आत जायला पाय उचलला न्हाई. म्हणलं, वंगाळ सांगितलं तर? त्यापरीस जपलेलं बरं."

तेवढ्यात गाडी आली. खिडकीतून त्यांनी लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. इतका वेळ तो त्यांच्याकडेच राहिला होता.

मला राग आला नाही.

गुरुवार, २७ जानेवारी

दुरुस्ती. राग आला. रात्रभर आला. एवढ्या सगळ्यांच्या चपला मी राखल्या! लंगडी, खो-खो, पाठशिवणी, सगळं मला नियमांसकट पाठ आहे, कारण मी बसून बघितलं. सकाळी उठून कुणाचंही निरीक्षण नसताना, वहीशिवाय, नदीपर्यंत पळत गेले आणि पळत आले. वाटेत एका म्हशीला ओरडले.

मग आठवलं की डॉक्टरकडे जायचं तर मीही टाळतेच आहे. मार्चचं काम मला कधी सांगितलं? डिसेंबरात. दाखल्यासाठी निघाले का? एकदाही नाही. अण्णा निदान दारापर्यंत तरी गेले होते.

झुंबरबाईंनी लाडू खाल्ले आणि विचारलं, मच्छिंद्र सरांना किती द्यायचे. मी म्हणाले दोन. त्या म्हणाल्या चार. मी चार नेऊन दिले. नाडी पुन्हा तशीच. हेही डॉक्टरांना सांगायला हवं.

सोमवार, ३१ जानेवारी

मॅडमचं पत्र आलं. घागरीची गोष्ट त्यांनी वर कळवली आहे. आता तिन्ही तालुक्यांत मुलींच्या मागे माणूस राहणार, नुसती डबी नाही. त्या माणसांना शिकवणार मी. दाखला पंधरा तारखेच्या आत पाठव.

पत्र वाचून मी आधी उडी मारली, हात फेकून, सरांनी दाखवलं होतं तशी. मग ओट्यावर बसले.

आवाज निघाला तर तीन तालुके गेले, बूट गेले, आणि गेल्या तीन आठवड्यांत मी काय काय केलं त्याचा जाब अण्णांना द्यायचा. आवाज निघाला नाही तर अण्णांना कळणार की दारातून आत पाऊल टाकलं असतं तर मी लहानपणीच पळाले असते. त्यांना ते सोसेल का, याची मला भीती वाटते. मी ही दोन्ही उत्तरं मनात इतक्यांदा वाचली की खरं उत्तर ऐकायची गरजच उरली नाही असं वाटायला लागलं. पण तात्यांनी पहिल्या इयत्तेतच शिकवलं होतं की अंदाज वेगळा आणि माप वेगळं.

दुपारी शहागडहून कारखान्यात फोन केला. अण्णांना बोलवायला कुणीतरी गेलं. मी सांगितलं, "अण्णा, मी नळी लावून घ्यायला चालले आहे. तुम्ही येता का?"

मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"आत येऊ का दाराबाहेर थांबू?" त्यांनी विचारलं.

"आत या."

"तू ते बूट घालून ये," ते म्हणाले. "डाक्टरला म्हणावं, पळवून बघा आधी, मंग नळी लावा."

बूथमधून बाहेर आले तर मच्छिंद्र सर मोटारसायकल पुसत उभे होते. त्यांना टायर बदलायचं होतं, तिसऱ्यांदा. टायर आता फारच वाईट येतात.

दिवसावरून थोडी घासाघीस झाली. मी उद्याच म्हणत होते. पण शनिवारपर्यंत वरच्या आळीची मोजणी आहे, ती अर्धी सोडणार नाही. शनिवारी अमावस्या, अण्णा म्हणाले, तेवढी टळू दे. रविवारी तपासणी बंद.

तेव्हा सोमवार, ७ फेब्रुवारी, सकाळची पहिली गाडी.